डिस्क क्रमांक दोन

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी ती ओरडली.
ओरडली म्हणजे, पीप.
मग आठ सेकंद काहीच नाही. मग पुन्हा पीप.
मी आधी इन्व्हर्टर बघितला, मग गॅसचा सिलिंडर,
मग जिन्यात येऊन हसबनीसांच्या दाराला कान लावला
आणि त्यांनी नेमकं तेव्हाच दार उघडलं.

पेटी जावयाने बसवली.
"बाबा, दोन डिस्क आहेत. एक गेली तरी दुसरीवर सगळं असतं.
तुम्ही फक्त बंद करू नका."
एवढं सांगून इंद्रजित स्टुटगार्टला गेला.
तेव्हापासून ती चपलांच्या कपाटावर, राऊटरशेजारी,
निरुपमाने विणलेल्या रुमालाखाली.
रुमालाने ती तापते, असं मी दोनदा म्हणालो.
तिसऱ्यांदा म्हणालो नाही.

टीव्हीला ती दिसत नाही.
फोनला दिसते, पण उघडत नाही.
लॅपटॉप म्हणतो, पासवर्ड चूक.
पासवर्डात आमच्या लग्नाची तारीख आहे
आणि जावयाला ती एका दिवसाने चुकीची माहीत आहे,
हे शोधायला मला पाच महिने लागले.

खडकीच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं गेज तपासले.
तिथे मला कुणी कधी 'अज्ञात त्रुटी' म्हणून कळवलं नाही.
त्रुटीला नाव असायचं.
बहुतेक वेळा आडनावही.

आता दोन दिवे. एक हिरवा, एक नारिंगी.

तापकीर गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात, परदेशी बसतो.
(एक परदेशी तिथे, एक स्टुटगार्टला. मी दोघांच्या मधला.)
नारळ हलवून बघावा तशी त्याने डिस्क कानाशी धरली.
"ही गेली, काका. नवी साडेसहा हजार.
जुनीवरून हिच्यावर सगळं उतरेल, पण जुनीचंही वय झालंय.
मध्येच लाइट गेली आणि ती बसली,
तर डेटा काढायचे अठरा हजार वेगळे.
आत आहे काय एवढं?"

आत आहे काय एवढं.
डेक्कनपर्यंत चालत आलो, आठवत.
सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं, त्यात दोनदा माझा निषेध.
मुठेवरच्या खंड्याचे चौदा फोटो, पैकी तेरांत नुसती फांदी.
एका गुडघ्याचा एक्स-रे. कुणाचा, ते लिहिलेलं नाही.
आणि चुकून सुरू राहिलेला एक व्हिडिओ:
अकरा मिनिटं छत,
आणि आतून, स्वयंपाकघरातून, निरुपमाचा आवाज.
"थांब जरा. आलेच. थांब म्हटलं ना."
घरात तेव्हा कुणीच नव्हतं.
ती दुधाशी बोलत होती.
एकदा मी तो पुसायलाच निघालो होतो, जागा खातो म्हणून.

काल रात्री नवी बसवली.
पुनर्बांधणी सुरू. शून्य टक्के. उरलेला वेळ, एकोणीस तास.
मी एवढा हिशोबी माणूस,
आणि आज गुरुवार आहे हे विसरलो.

दहाला लाइट गेली.
मी पंखे बंद केले. दिवे बंद केले.
इन्व्हर्टरवर आता ती एकटी.
बनियनवर बसलोय तिच्यासमोर, खुर्ची ओढून,
आयसीयूबाहेर बसतात तसा,
फक्त इथे डबा आणणारं कुणी नाही.

निरुपमा आली. बराच वेळ बघत राहिली.
मग रुमाल उचलून घडी केली, काखेत धरली,
कॅलेंडरचा जुना पुठ्ठा घेतला
आणि वारा घालू लागली.
मला नाही. तिला.

"आत आहे काय एवढं?"
हे तिनेही विचारलं.
"दूध," मी म्हणालो.
तिला वाटलं, मी चहा मागतोय.

एकसष्ट टक्के.